आई-वडील ठणठणीत, मग मुलाला सिकलसेल कसा?

"डॉक्टर, आमच्या घराण्यात कुणालाच हा आजार नाही. हिच्या माहेरीही नाही. मग आमच्याच पोराला कसा झाला?" विदर्भातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात बालरुग्ण विभागाच्या दाराशी तासभर बसा, हा प्रश्न कानावर पडल्याशिवाय राहणार नाही. विचारणारे बहुधा वडील असतात. आई गप्प असते, कारण घरी तिला उत्तर आधीच मिळालेले असते : दोष सुनेचा. कुणी म्हणते तिच्या माहेरचे रक्तच खराब, कुणी म्हणते गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, कुणाला करणीचा संशय येतो. खरे उत्तर मात्र आपल्या प्रत्येकाच्या पेशीत लिहिलेले आहे आणि ते समजून घ्यायला दहावीपर्यंतचे शिक्षणही पुरते. आज जरा सविस्तर पाहू.

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले असले तरी त्याची सुरुवात एकाच पेशीपासून होते. आईच्या बीजांडात वडिलांचा शुक्राणू मिळाला की ती पहिली पेशी तयार होते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ असे करत नऊ महिन्यांत बाळ तयार होते. जन्मानंतरही हे काम थांबत नाही. जखम भरते, केस वाढतात, कातडी नवी येते ती पेशींच्या विभाजनामुळेच. हाडांच्या मगजात तर दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या रक्तपेशी तयार होत असतात. हे वाक्य वाचून होईपर्यंत आपल्या अंगात कोटभर नव्या पेशी आल्या असतील.

प्रत्येक पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते. (तयार झालेल्या तांबड्या रक्तपेशीत ते नसते, पण ती जिच्यापासून बनते त्या मगजातल्या पेशीत असते.) केंद्रकात धाग्यासारखी गुणसूत्रे असतात. माणसात त्यांची संख्या ४६. ही साधी मोजणीसुद्धा शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षे चकवत होती. ती ४८ आहेत असेच पुस्तकांत छापले जाई. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या त्यो आणि लेव्हान या दोघांनी १९५६ साली ती ४६ असल्याचे दाखवून दिले. या ४६ च्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आलेले, दुसरे वडिलांकडून.

गुणसूत्र म्हणजे डीएनए नावाच्या अतिशय बारीक धाग्याचे नीट गुंडाळलेले रीळ. एका पेशीतला सगळा धागा उलगडून सरळ केला तर तो सुमारे दोन मीटर भरतो. म्हणजे पुरुषभर उंचीचा धागा डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीत मावलेला असतो. या धाग्यावर अवघ्या चार अक्षरांच्या लिपीत शरीराचे सगळे नियम लिहिलेले आहेत. त्यातला एका कामापुरता जो मजकूर, त्याला जनुक म्हणतात. माणसात अशी सुमारे २० हजार जनुके आहेत. केसांचा रंग, रक्तगट, हिमोग्लोबिन कसे बनवायचे, हे सारे त्यात येते. गुणसूत्रे जोडीने असल्यामुळे बहुतेक जनुकेही दोन-दोन असतात, एक आईचे व एक वडिलांचे. आजच्या लेखातली हीच एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पुढचे सगळे गणित तिच्यावर उभे आहे.

पेशीचे विभाजन दोन तऱ्हांनी होते. नेहमीच्या विभाजनात पेशी आधी सर्व ४६ गुणसूत्रांची हुबेहूब नक्कल काढते आणि मग एकेक संच एकेका नव्या पेशीला देते. तलाठ्याने सातबाराचा उतारा करून द्यावा तसे. मूळ दप्तरात जे आहे तेच उताऱ्यावर येणार. म्हणून आपल्या यकृताच्या पेशीत आणि पायाच्या करंगळीच्या पेशीत मजकूर एकच असतो, वाचला जाणारा भाग तेवढा वेगळा.

दुसऱ्या तऱ्हेचे विभाजन फक्त स्त्रीच्या बीजांडकोशात आणि पुरुषाच्या वृषणात होते. तिथे ४६ चे ४६ पुढे दिले तर मुलाच्या वाट्याला ९२ येतील, नातवाच्या वाट्याला १८४! म्हणून तिथे जोड्या फोडल्या जातात. प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र उचलले जाते आणि बीजांडात किंवा शुक्राणूत २३ च राहतात. पुस्तकात याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. जोडीतले कोणते गुणसूत्र उचलायचे याला काहीच नियम नाही, निव्वळ छापा-काटा. २३ जोड्यांतून असे एकेक निवडायचे तर ८३ लाख ८८ हजार ६०८ प्रकारचे संच होऊ शकतात. आपल्याकडे चौऱ्यांशी लक्ष योनी म्हणतात त्याच्या जवळपास हा आकडा जातो. हा योगायोगच समजावा, पण एकाच आईची लेकरे रंगारूपाने, स्वभावाने इतकी निराळी का निघतात ते यावरून कळते. शिवाय वेगळे होण्याआधी जोडीतली गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदलही करतात, तेव्हा खरे प्रकार याहूनही कितीतरी जास्त.

स्त्रीच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट आहे. तिची बीजांडे ती आपल्या आईच्या पोटात असतानाच घडू लागतात आणि अर्धवट विभाजनाच्या स्थितीत वर्षानुवर्षे थांबून राहतात. म्हणजे ज्या बीजांडापासून तुमचा जन्म झाला, ते तुमची आई तुमच्या आजीच्या पोटात होती तेव्हाच तयार होत होते. मग गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरल्याने त्यातला मजकूर कसा बदलेल?

आता सिकलसेलकडे वळू. तांबड्या रक्तपेशीत हिमोग्लोबिन असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. हिमोग्लोबिनची एक साखळी कशी बनवायची याचे जनुक अकराव्या जोडीतल्या गुणसूत्रांवर आहे. या साखळीत १४६ मणी असतात. सिकलसेलमध्ये त्यातला फक्त सहावा मणी बदललेला असतो, आणि तो बदलतो जनुकातल्या एका अक्षरामुळे. उताऱ्यात 'मोती'चा 'माती' व्हावा तसे. एका मात्रेचा फरक, पण अर्थ पार गेला. व्हर्नन इनग्रॅम या शास्त्रज्ञाने हा एका मण्याचा फरक १९५६-५७ साली शोधून काढला. त्याआधी १९४९ मध्ये लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मुळात हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार आहे हे सिद्ध केले होते. एखाद्या आजाराचे मूळ रेणूपर्यंत पोहोचून सापडल्याचे हे पहिलेच उदाहरण.

या बदललेल्या हिमोग्लोबिनला 'एस' म्हणतात, नेहमीच्या हिमोग्लोबिनला 'ए'. प्राणवायू सोडून दिल्यावर 'एस' हिमोग्लोबिनच्या लांब कडक दोऱ्या बनतात आणि एरवी गोल, लवचीक असणारी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. सिकल म्हणजे विळा, त्यावरून हे नाव. गोल पेशी बारीक रक्तवाहिनीतून अंग चोरून निघून जाते, विळा मात्र अडकतो. एकामागे एक अडकत गेले की रक्तपुरवठा बंद पडतो आणि हाडे, सांधे, पोट असह्य दुखू लागते. नेहमीची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही विळ्याची पेशी जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त सतत कमी पडते, डोळे पिवळे दिसतात, पाणथरी वाढते, मूल लवकर दमते आणि जंतुसंसर्ग वारंवार होतो.

बाळ जन्मतः मात्र चांगले असते. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते आणि पहिले काही महिने तेच बाळाला सांभाळते. सहा महिन्यांच्या आसपास ते ओसरते आणि मग हातापायांची बोटे सुजणे, ताप, रडणे सुरू होते. नेमके याच वयात बाळाला लसी दिल्या जातात, वरचे अन्न सुरू होते. साहजिकच खापर लसीवर नाहीतर सुनेच्या हातच्या खिमटीवर फुटते.

मग मूळ प्रश्न. आई-वडील दोघे ठणठणीत असताना हे कसे? ज्याच्याकडे एक 'ए' आणि एक 'एस' असे जनुक असते, त्याच्या रक्तात निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन चांगले असते. त्याला सहसा काही त्रास होत नाही. तो शेतात राबतो, कबड्डी खेळतो, नव्वद वर्षे जगतो. अशा माणसाला वाहक म्हणतात, रिपोर्टवर 'एएस' लिहिलेले असते. ज्याच्याकडे दोन्ही 'एस', तो 'एसएस', म्हणजे रुग्ण. दाबून राहिलेला गुण पुढच्या पिढीत पुन्हा वर येतो, हे ग्रेगोर मेंडेल नावाच्या पाद्र्याने ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे लावून पाहिले होते. उंच आणि बुटक्या वाटाण्याच्या संकरातून आधी सगळी उंचच रोपे आली, त्यांच्या पुढच्या पिढीत चारांत एक बुटके निघाले. १८६६ साली त्याने हे छापले, पण १९०० पर्यंत कुणी फारसे लक्ष दिले नाही. आपल्या घरातले सिकलसेलचे गणित वाटाण्याच्या या गणितापेक्षा वेगळे नाही.

नवरा-बायको दोघेही वाहक आहेत असे धरा. दोघांकडे एकेक 'ए' व एकेक 'एस'. प्रत्येक जण एकच जनुक पुढे देणार, कोणते ते छापा-काटा ठरवणार. दोघांकडून 'ए' आले तर मूल पूर्ण निरोगी. एकाकडून 'ए' आणि दुसऱ्याकडून 'एस' आले तर मूल आई-वडिलांसारखेच वाहक. दोघांकडून 'एस' आले तरच रुग्ण. शक्यता अनुक्रमे २५, ५० आणि २५ टक्के. रुग्ण मुलाला एक 'एस' आईकडून मिळतो तसाच दुसरा वडिलांकडून. एकट्या आईच्या जनुकाने हा आजार होऊच शकत नाही. सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंना हे सांगायला हवे की तो दुसरा 'एस' वडिलांनाही त्यांच्या आई-वडिलांकडूनच मिळालेला असतो, मग तो कदाचित खुद्द सासूबाईंचाच असेल.

इथे एक गैरसमज फार घात करतो. 'चारात एक' असे सांगितले की लोक समजतात, पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली. तसे नाही. नाणे एकदा काटा पडले म्हणून पुढच्या वेळी छापाच पडेल असे बंधन त्याच्यावर नसते. प्रत्येक गरोदरपणात शक्यता पुन्हा नव्याने २५ टक्केच. एकाच घरात दोन्ही मुले रुग्ण असू शकतात आणि दुसऱ्या घरी चारही मुले सुखरूप असू शकतात. हिशेब करून पाहा. दोन्ही वाहक असलेल्या जोडप्याला चार मुले झाली तर त्यातले एकही रुग्ण न निघण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के, आणि दोनच मुले असतील तर ५६ टक्के. 'घराण्यात कुणालाच नाही' याचे उत्तर यात आहे. 'एस' पिढ्यान्‌पिढ्या वाहकांमधून गुपचूप चालत येतो, कधी दुसरा 'एस' भेटतो तेव्हाच दिसतो. शिवाय जुन्या काळी घरोघरी एखाद-दुसरे मूल लहानपणी जायचे. ते कशाने गेले हे कोण सांगणार?

रुग्ण मुलाच्या निरोगी भावंडांचाही हिशेब महत्त्वाचा. ते रुग्ण नाहीत हे ठरले की उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोन वाहक असण्याच्या. म्हणजे धट्टीकट्टी दिसणारी बहीण वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. तिची तपासणी लग्नाआधी व्हायलाच हवी.

बाकीच्या जोड्या सोप्या आहेत. एक जण वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर मुलांपैकी कुणीही रुग्ण होणार नाही, निम्मी शक्यता वाहक असण्याची. एक जण रुग्ण आणि दुसरा निरोगी असेल तर सगळी मुले वाहक, रुग्ण एकही नाही. एक रुग्ण व एक वाहक असेल तर मात्र शक्यता निम्मी-निम्मी होते. तेव्हा वाहकाने लग्न करू नये असे मुळीच नाही. त्याने दुसऱ्या वाहकाशी लग्न ठरवताना विचार करावा, इतकेच.

नात्यातल्या लग्नाचा प्रश्न इथेच येतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत बऱ्याच समाजांत आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुके एकाच आजा-आजीकडून आलेली असतात, मामा-भाचीत चौथा हिस्सा. आजीकडे एखादा 'एस' असला तर तो दोन्ही बाजूंनी येऊन नातवंडाच्या पोरात एकत्र भेटण्याची वाट मोकळी होते. नुसते नात्यातच नव्हे, एका लहान समाजात पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत राहिल्या तरी थोडेबहुत तेच घडते.

असा घातक जनुक नाहीसा का झाला नाही? याचे उत्तर डासाकडे आहे. १९५४ मध्ये ॲलिसन या डॉक्टरने आफ्रिकेतल्या पाहणीतून दाखवले की वाहक मुलांना मेंदूपर्यंत जाणाऱ्या घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत वाढतो आणि वाहकाच्या पेशीत त्याला नीट बस्तान बसवता येत नाही. जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या माणसे नेत होता, तिथे वाहक वाचले आणि त्यांच्याबरोबर 'एस'ही वाचला. भारतात हा जनुक प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली मध्य भारतातील नोंदी प्रसिद्ध केल्या. आज गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती, तसेच खानदेशात नंदुरबार या भागांत तो आदिवासी समाजांत आणि विदर्भातील इतरही अनेक समाजांत आढळतो. हा कुणा एका जातीचा रोग नाही, जंगलाकाठच्या हिवतापी मुलखाची ती जुनी खूण आहे. तरीही माझ्या पाहण्यात सुशिक्षित घरांतही रिपोर्ट कपाटात लपवले जातात, मुलीचा रिपोर्ट आवर्जून मागितला जातो आणि मुलाचा कुणी मागत नाही. एका बाजूचाच रिपोर्ट पाहून हा हिशेब कसा सुटणार?

मुलगा-मुलगी ठरण्याबद्दलही हेच. तेविसाव्या जोडीत आईकडे दोन 'एक्स' असतात, वडिलांकडे एक 'एक्स' व एक 'वाय'. आई देणार तो 'एक्स'च. वडिलांकडून 'वाय' आला तर मुलगा, 'एक्स' आला तर मुलगी. यापेक्षा जास्त त्यावर लिहिण्याची खरे तर गरज पडू नये.

सर्वच आजार असे एका जनुकाच्या हिशेबात बसत नाहीत हेही सांगितले पाहिजे. मधुमेह, रक्तदाब यांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि खाण्यापिण्याचा, हालचालीचा वाटाही मोठा असतो. 'वडिलांना साखर होती, मला होणारच' म्हणून जिलेबीवर ताव मारणाऱ्यांनी सिकलसेलचे गणित तिकडे लावू नये.

आता तपासणीचे. पहिली चाचणी बोटातल्या रक्ताच्या थेंबावर होते, तिला सोल्युबिलिटी चाचणी म्हणतात. ती 'एस' आहे की नाही एवढेच सांगते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती भरवशाची नाही. ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी करावीच लागते. या दुसऱ्या चाचणीत थॅलेसेमियाचे वाहकही सापडतात. एक जोडीदार सिकलसेलचा आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी मुलाला सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर कार्ड मिळते, ते जपून ठेवावे.

रुग्ण मुलांनी भरपूर पाणी प्यावे, थंडीत व पावसात भिजू नये, ताप आला तर घरी वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फॉलिक ॲसिडची गोळी रोजची. लोहाचे टॉनिक मात्र रक्त तपासल्याशिवाय देऊ नये. यातले रक्त पेशी फुटल्यामुळे कमी होते, लोह बहुधा शरीरातच शिल्लक राहते. लहान मुलांना पेनिसिलीन आणि ठरलेल्या लसी द्याव्या लागतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि वेदनांचे झटके बऱ्याच जणांत कमी होतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायचे असते. मूल हवे असलेल्या जोडप्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते चालू ठेवू नये. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात अवश्य करावी.

दोघेही वाहक असल्याचे लग्नानंतर कळले तर घाबरून जाऊ नका. दिवस राहिल्याबरोबर, दुसऱ्या महिन्यातच डॉक्टरांकडे जा. गर्भाच्या वारेचा अगदी छोटा तुकडा ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान घेऊन, किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल काढून, बाळ 'एसएस' आहे की नाही ते समजते. गर्भलिंग सांगणे गुन्हा असला तरी अशा रक्ताच्या आजारांसाठी गर्भाची तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायद्याने करता येते. ही सोय प्रत्येक गावात नसते, मोठ्या शहरात पाठवावे लागते आणि पुढचा निर्णय घ्यायलाही वेळ लागतो. पाचव्या महिन्यात प्रथमच नाव नोंदवायला आलेल्या बाईसाठी त्यातले फारसे काही हाती राहत नाही. म्हणून पहिल्या भेटीतच नवरा-बायको दोघांचेही रक्त तपासून घ्या, आणि आधीचे कार्ड असेल तर ते सोबत न्या.